निवट्या बघायला आलेली माणसं

त्या दिवसांत माझ्या हातांना कायम लिंबाचा वास असायचा. शनिवारी आये बाजारातून परत आली की पाटीतली उरलेली मासळी साफ करायचं काम माझं. ते उरकलं की मी मोरीत बसायची आणि लिंबाची फोड नखांत, बोटांच्या बेचक्यांत, पार कोपरापर्यंत घासत राहायची. मग केस धुवायचे, पुन्हा हात हुंगून बघायचे, आणि पुन्हा लिंबू. आये उंबऱ्यात उभी राहून बघायची. तिला वाटायचं, कॉलेजात जाणाऱ्या पोरी अशाच नटत असणार. मी तिला काही सांगितलं नाही. रविवारी मंडळाची सहल असायची, आणि त्या सहलीत मी कोणाच्या शेजारी बसले तर त्याने नाक वर करून इकडेतिकडे बघू नये, एवढीच माझी धडपड. आज मी घरात मनसोक्त मासळी करते, हात साबणाने धुते आणि विषय संपला. कोणाला वास आला तर त्याने लांब बसावं. पण ही अक्कल यायला निम्मं आयुष्य गेलं. तेव्हा मला सगळ्याचीच लाज वाटायची. आमच्या घराची, अंगणात काठ्यांवर वाळणाऱ्या बोंबलांची, आयेच्या आवाजाची, आणि ही लाज वाटते म्हणून स्वतःचीही.

आमचं घर बोरिवलीच्या पश्चिमेला, कोळीवाड्याच्या अगदी शेवटच्या ओळीत. मागचं दार उघडलं की दगडी बांध, बांधाखाली चिखल, चिखलापलीकडे तिवरांची झाडी आणि मग खाडी. भरतीला पाणी बांधाला लागायचं, ओहोटीला चिखल उघडा पडून चकाकायचा. चिखलाला आवाज असतो हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. पाणी उतरलं की बिळांतून बुडबुडे फुटतात आणि सगळ्या पट्ट्यावर बारीक पुटपुट सुरू होते. आमच्याकडे घड्याळ होतं, पण आये त्या पुटपुटीवर उठायची. बाबा बोटीवर, घरी असले तरी झोपलेले, त्यामुळे घर सगळं आयेचंच. ती ठेंगणी, दणकट, बाजारात तिचा आवाज पार रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू यायचा. चिखलात मात्र ती एकदम गप्प. लुगडं वर खोचून, कमरेला टोपली बांधून ती गुडघाभर चिखलातून चालायची, बिळात कोपरापर्यंत हात घालायची, आणि हात बाहेर यायचा तो निवटी घेऊनच.

निवटी म्हणजे बोटाएवढी, चिखलाच्याच रंगाची मासळी. डोळे डोक्यावर, बटबटीत. पाण्याबाहेर मजेत राहते, पुढच्या परांवर सरकत चिखलावर चालते, आणि लहर लागली की टुणकन उडी मारते. तिला राखेत चोळून बुळबुळीतपणा काढायचा, मग ठेचलेली लसूण, घरचा मसाला, आणि दिवस असतील तर कैरीची फोड. तांदळाच्या गरम भाकरीबरोबर ते कालवण खाल्लं की माणूस पुढचा तासभर कोणाशी भांडत नाही. बाळंतिणीला निवट्या, आजारातून उठलेल्याला निवट्या, आणि घरी मानाचा पाहुणा आला तर निवट्याच. पापलेट काय, ते धक्क्यावरून कोणीही आणतं. पाहुण्यासाठी आपण स्वतः चिखलात उतरायचं, आपल्या दारासमोरच्या बिळातलं काढायचं आणि त्याच्या ताटात वाढायचं, याला आमच्यात पाहुणचार म्हणतात. आयेला याच्यावर वाद चालायचा नाही.

मंडळाचं पूर्ण नाव ‘उपनगर रानमाळ रक्षण मंडळ’. कॉलेजच्या बोर्डावर त्यांची चिठ्ठी लागली होती, रविवारी या, पाण्याची बाटली आणि टोपी आणा. मी गेले ती केवळ घराबाहेर पडायला मिळतं म्हणून, आणि मग अडकलेच. कधी मुलुंडच्या डोंगरावर फुलपाखरं, कधी पवईच्या तळ्यावर पक्षी, पावसाळ्यात बोरिवलीच्या जंगलात रानफुलं. मंडळाच्या अध्यक्ष सुमतीताई अंधेरीला राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, कापडी टोपी, गळ्यात शिट्टी. चालताना बोललेलं त्यांना खपायचं नाही, पण दुपारी झाडाखाली सतरंजी पसरली की त्याच अंताक्षरीत सर्वांत मोठ्याने गायच्या. त्यांचा उजवा हात म्हणजे घाटकोपरचे शहाभाई. कायम गळ्यात कॅमेरा, पिशवीत थेपले. जेवताना सगळे डबे मध्ये ठेवून उघडायची पद्धत होती. थेपले, खाकरे, हिरव्या चटणीची सँडविचेस, पुलाव, कोणाच्या तरी सासूबाईंचे लाडू. मी न चुकता बटाट्याची सुकी भाजी न्यायची. आये विचारायची, घरी एवढी कोलंबी असताना हे काय घेऊन जातेस. मी म्हणायची, त्यांना तेच आवडतं.

त्यांनी मला कधी परकं मानलं नाही, हे मला सांगायलाच हवं. माणसं खरंच चांगली होती. पण मी कोळीवाड्यातली आहे हे कळल्यावर सुमतीताई सगळ्यांना माझी ओळख ‘आपली कोळीकन्या’ अशी करून द्यायला लागल्या, आणि दर वेळी माझे कान गरम व्हायचे. एकदा पवईला जेवताना असंच काहीतरी सांग म्हणाले, तर मी निवट्यांबद्दल सांगितलं. नर कसे पाठीवरचा पंख शिडासारखा उभारतात, एकमेकांवर तोंड वासून धावून जातात, बिळाची राखण करतात. सगळे खाणं विसरून ऐकत राहिले. शहाभाई म्हणाले, असा मासा मुंबईत आहे आणि आपल्याला माहीत नाही, कमाल आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या मागच्या दारचा अभिमान वाटला.

आता यात एक मोठी गोष्ट होती. आमच्या खाडीच्या वरच्या टोकाला तेव्हा डंपर यायला लागले होते. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा रोज चिखलात ओतायचे. दर आठवड्याला चिखल थोडा आखूड व्हायचा. आयेने दोनतीनदा डंपरपुढे उभं राहून शिव्या घातल्या, तर ड्रायव्हर हसले आणि तिला वळसा घालून गेले. हा असाच भराव येत राहिला तर वर्षाच्या आत तो आमच्या बांधापर्यंत पोचणार होता, आणि मग आयेचा चिखल संपला. मंडळ दरवर्षी एक जागा आपली म्हणून घ्यायचं. त्या जागेसाठी अर्ज, वर्तमानपत्रं, कचेऱ्यांच्या खेपा, सगळं मंडळ करायचं, आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्या वर्षी एकीकडे मुलुंडचा डोंगरउतार होता आणि दुसरीकडे, माझ्या बडबडीमुळे, आमची खाडी. सुमतीताई म्हणाल्या, आधी सभासदांना दाखव, मग तिथेच हात वर करून ठरवू.

मी घरी येऊन आयेला सगळं नीट सांगितलं. माणसं येणार, निवट्या बघणार, आवडलं तर डंपरवाल्यांशी भांडणार. आये बोंबील उलटवत होती, तिचा हात थांबला.

“निवट्या बगाला? पार अंधेरी-घाटकोपरवरनं?”

हो म्हटलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, मग मानसं चांगली असतील. त्या दिवसापासून ती खुशीत. शेजारणींना सांगत सुटली. अंगण सारवलं, बोंबलांच्या काठ्या स्वतःहून बाजूच्यांच्या अंगणात हलवल्या. ते बघून मला हायसं वाटलं. एवढ्या दिवसांत तिला काहीच कळलं नाही असं मी समजत होते, आणि तिला बोंबलांचं बरोब्बर कळलं होतं.

सहलीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी सुमतीताईंकडे अंधेरीला फलक रंगवायला गेले आणि तिथेच राहिले. रविवारी सकाळी सगळे मिळून बोरिवलीला आलो. उधाणाचे दिवस, त्यामुळे सकाळची ओहोटी मस्त लांबवर गेलेली. ऊन कोवळं, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, सुमतीताईंनी शिट्टी वाजवून गप्प केलेलं. मी सगळ्यांत पुढे. बांधावर चढले आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की चिखल गप्प होता.

मग बघितलं. बांधापासून तिवरांपर्यंत सगळा चिखल तुडवलेला. बिळं फोडलेली, हात घालून घालून मोठी झालेली, आणि त्यातून बायकांच्या पावलांच्या ओळी इकडून तिकडे. एकही निवटी नाही. लांब पाण्याच्या कडेला काही हललं असेल तर असेल. लोक दुर्बिणी काढून बघत राहिले आणि हळूहळू एकेकाने त्या खाली घेतल्या. मला कळलं होतं. अहो, त्या पावलांतलं एक पाऊल मी कुठेही ओळखलं असतं, आयेच्या डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला आहे.  

सुमतीताईंचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, बाहेरचे कोणी येऊन लुटून गेले. मग बांधावर उभं राहून त्या बोलायला लागल्या, शाळेत बोलत असतील तशा. कोणीतरी येऊन ओरबाडून नेलंय हे सगळं, या लोकांना फक्त पोट दिसतं, उद्या काय राहील याचा विचार नाही, अशांना पोलिसांतच दिलं पाहिजे. आणि नेमकी तेव्हाच आमच्या मागच्या दारातून आये बाहेर आली. लग्नाकार्यात नेसायचं हिरवं लुगडं, अंबाड्यावर आबोलीचा वळेसर, गळ्यात सोनं. पाहुण्यांना बोलवायला आलेली. तिला वाटलं, ताई डंपरवाल्यांवरच तापल्यात.

ती लांबूनच म्हणाली, “बराबर हाय ताई. द्याच पोलिसात.”

सगळे वळून तिच्याकडे बघून हसले. किती गोड, असंही कोणीतरी म्हणालं. मी तिथेच चिखलात गडप झाले असते तर बरं झालं असतं. अजूनही ते आठवलं की मी चालता चालता थांबते, डोळे मिटते, आणि बाजूच्या माणसाला वाटतं हिला चक्कर आली.

अंगणात चटया टाकल्या होत्या. माझ्या दोन्ही मावशा नटूनथटून भाकऱ्यांची चवड घेऊन उभ्या. ताटं मांडलेली, प्रत्येक ताटात कांदा, लिंबू. लोकांना वाटलं होतं, नुसता चहा असेल. सुमतीताई संकोचून म्हणाल्या, अहो एवढं कशाला केलंत. आये म्हणाली, तुम्ही आमच्यासाठी भांडणार आणि आम्ही नुसतं पाणी पाजून धाडू काय. आणि तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. लसणीचा आणि मसाल्याचा वास अंगणभर पसरला. शहाभाई दोन पावलं मागे सरकले. कोणाची तरी छोटी मुलगी पुढे वाकून बघत होती, तिने आईला विचारलं, याच का त्या, आणि आईने तिला ओढून जवळ घेतलं.

सुमतीताईंनी पातेल्यात बघितलं, मग मागच्या दारातून दिसणाऱ्या चिखलाकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या अगदी हळू बोलल्या.

“अहो बाई, आम्ही यांनाच तर वाचवायला आलो होतो.”

आये अजून हसतच होती. पळी हातात. तिने विचारलं, “कुनापासून?”

 ताईंनी खाली बघितलं. आयेने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे.  माझा चेहराच सगळं सांगत होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मग गेलं, पण एकदम नाही. बांधावरचं ते पोलिसांचं बोलणं तिला आठवलं असणार, आणि त्यावर आपण काय म्हणालो तेही. बाजारात दहा जणींना पुरून उरणारी माझी आये, तिने पळी ठेवली आणि झाकण परत पातेल्यावर ठेवलं, आवाज होऊ न देता.

अंगणाच्या कोपऱ्यात एक बादली होती, ओल्या तिवराच्या पाल्याने झाकलेली. त्यात जिवंत निवट्या होत्या, चांगल्या मोठ्या मोठ्या. ताईंना घरी न्यायला ठेवलेल्या. आयेने पाला बाजूला केला, दोन्ही हातांनी बादली उचलली आणि कोणाकडे न बघता मागच्या दाराने निघाली. मावशा तिला हाका मारत राहिल्या. सगळे तिच्यामागे बांधावर आले. ती त्याच हिरव्या लुगड्यात, न खोचता, चिखलात उतरली. मध्यावर जाऊन बादली कलती केली आणि निवट्या चिखलात पडल्या, क्षणभर तशाच राहिल्या आणि मग सरसर पळाल्या.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आये दचकली. तिने वर बघितलं, आणि शहाभाईंनी खटकन फोटो काढला. एका बाई तर डोळे पुसत होत्या. सुमतीताई म्हणाल्या, याला म्हणतात मनाचा मोठेपणा. मला वाटलं होतं, पातेलं उघडलं तेव्हा जी लाज वाटली त्याच्यापलीकडे लाज नाही. पण आहे. माझी आये गुडघाभर चिखलात, ठेवणीतलं लुगडं भिजलेलं, रिकामी बादली धरून उभी, आणि बांधावर ओळीने उभी राहिलेली भली माणसं तिच्यासाठी टाळ्या वाजवताहेत. तेव्हा मला कोणाकोणाची लाज वाटली हे मी आजही नीट सांगू शकत नाही. त्यांची वाटली, आमची वाटली, त्या निवट्यांचीसुद्धा वाटली असेल.

तिथेच बांधावर हात वर करून ठरलं. सगळ्यांचे हात वर, एकही मुलुंडच्या बाजूने नाही. मग मंडळी बांधावरच बसून आपापले डबे खाऊन गेली. जाताना ताईंनी आयेचे हात हातात घेतले, पुष्कळ काही चांगलं बोलल्या. आये मान हलवत होती. ते गेल्यावर मावशांनी थोडं थोडं कालवण आपापल्या घरी नेलं. आये मोरीत बसली आणि कोणी न जेवलेली ती सगळी ताटं घासायला लागली. स्वच्छच होती ताटं. मी म्हटलं, अगं ती कशाला घासतेस. ती म्हणाली, “तू तरी जेव गो बाय.” मी बसले आणि जेवले. पोट फुटेस्तोवर जेवले. इतकं चांगलं कालवण तिने आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मंडळाने शब्द पाळला, त्यांना बोल लावायला जागा नाही. वर्षभर भांडून त्यांनी डंपर बंद पाडले. चिखल वाचला. पुढे तिथे कुंपण आलं, चौकीदार आला, आणि एक मोठी पाटी आली: इथे मासे, खेकडे, निवट्या पकडण्यास मनाई. पाटीवर शहाभाईंनी काढलेला तो फोटो. आये एकदा सवयीने टोपली बांधून गेली तर चौकीदाराने तिला परत पाठवलं. चांगला मुलगा होता, मावशी म्हणाला, हात जोडले. ती त्याच पाटीखाली उभी होती आणि त्याने काही तिला ओळखलं नाही. तिने ते घरी येऊन मला सांगितलं आणि टोपली माळ्यावर टाकली. त्यानंतर ती फक्त धक्क्यावरून आणलेली मासळी विकायची.

मी अजून मंडळात आहे. सहली अजून निघतात, आता टोप्या बऱ्या असतात आणि कॅमेरे प्रत्येकाच्या खिशात. आमच्या खाडीवर दर थंडीत निवट्या बघायला शाळा येतात, मी त्यांना बांधावरून दाखवते, आणि मुलं खूश होतात. सुमतीताई गेल्या, शहाभाई गेले, पण तो फोटो दरवर्षी ग्रुपवर फिरतो. या वेळी कोणीतरी त्यावर लिहिलं होतं, खाडीची आई, तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघा. खाली फुलांचा आणि हात जोडल्याचा खच.

आये आता फार कमी बोलते, खाटेवरच असते. दुपारी तिला भात भरवल्यावर मी तो फोटो मोठा करून तिच्यासमोर धरला. तिने बराच वेळ बघितला. मीही बघत होते, आणि खरंच, ओठ दाबून धरल्यामुळे ती हसते आहे असंच वाटतं. मी तिला विचारलं, हसतेस का गं आये यात?

“हसतंय कुठं,” ती म्हणाली. “दोनी हात बादलीला व्हते. तोंड झाकाला हात मोकला नव्हता.”